मीठ, बर्फ आणि माझी गाठ

हळद शिजायला लागली की आमच्या हिंगोलीत वारा कुठून येतोय हे विचारावं लागत नाही. होळीच्या मागेपुढे शेतांच्या कडेला मोठमोठी लोखंडी पिपं उभी राहतात, खाली जाळ, वर वाफ, आणि ती वाफ बांध ओलांडून सरळ गावात शिरते. फोडणीच्या डब्यातल्या हळदीशी या वासाचं नातं लांबचं. डब्यातली हळद घरंदाज, चिमूटभरच बोलते. शिजणारी हळद तोंडाळ. ओली माती, आलं, धूर, दवाखाना आणि कुणाच्या तरी लग्नाची आदली संध्याकाळ, सगळं एका दमात बोलत सुटते. मोंढ्याच्या रस्त्यावर हमालांच्या भुवया पिवळ्या, ट्रकची चाकं पिवळी, कुत्रीसुद्धा पिवळी. सगळ्या जिल्ह्याला या दिवसांत तरतरी येते. मला येते ती चुळबुळ. खुर्चीत बसवत नाही. उठावंसं वाटतं, आणि उठलं की कुठं जायचं ते सुचत नाही.

हे मला शोभत नाही, कारण लोकांनी कुठं जायचं हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे काचेच्या खोलीत बसून कर्ण्यातून ओरडणारी बाई. लहानपणी मला नाटकात जायचं होतं, घरच्यांनी जाऊ दिलं नाही, मग मी फलाटालाच रंगमंच केलं. 'कळमनुरी, वारंगा फाटा, अर्धापूरमार्गे नांदेडला जाणारी गाडी' हे वाक्य मी दरबारात राजा येतोय अशा थाटात म्हणते. गाडी आली की निम्मे प्रवासी जरा निराश होतात.

तर यंदा हळदीचा वास आला आणि त्याच सुमारास डॉक्टर सलमाचा फोन आला.

सलमा आमच्याच गावची. बांगड्यांच्या व्यापाऱ्याची मुलगी. माझ्या लग्नातला हिरवा चुडा तिच्या आजोबांनी भरला होता आणि एक बांगडी फुटली तेव्हा 'बेटी, ये अच्छा सगुन है' असं साफ खोटं सांगून मला हसवलं होतं. त्यांची नात आता शस्त्रक्रिया करते. हात आजोबांचेच, दुखलं तरी कळू देत नाहीत.

"काकू, गर्दीत हाय का तुमी?"

"मी कायम गर्दीत. बोल."

"तुमचा तुकडा हाय ना नांदेडला, मेणातला..."

"पळाला का?"

"पळाला न्हाई. संपत आला."  मग तिनं एका सुरात सांगून टाकलं. माझ्या गाठीचा जो नखाएवढा तुकडा नांदेडच्या प्रयोगशाळेत मेणात जपून ठेवलाय, त्याचे वेळोवेळी काप काढून झालेत. आता जेमतेम एकदा काढता येईल एवढा उरलाय. मोठ्या शहरातले संशोधन करणारे लोक तो मागतायत. दिला तर मागे काही राहणार नाही. नाही दिला तर माझ्या नावानं राखून ठेवतील. उद्या आजार परत आलाच, तर नवं आणि जुनं ताडून पाहायला कामी येईल.

"सही तुमी तवाच केलती, संशोधनाला देते म्हणून. पण शेवटचा हाय, तर विचारल्याबिगर देणं बराबर वाटलं न्हाई. नांदेडला तपासणीला जाल तवर सांगा."

"सांगते," म्हटलं, फोन ठेवला, आणि परभणीची गाडी रिसोडच्या फलाटाला लावली. बिचारे लोक बोचकी घेऊन इकडून तिकडे धावले. एक म्हातारी काचेला नाक लावून म्हणाली, "बाई, आज तुमचं ध्यान कुठं हाय?"

माझं ध्यान एका नखाएवढ्या तुकड्यावर होतं. द्यायचा की ठेवायचा?

आमच्याकडे बायका जागेचं नाव घेत नाहीत. गाठ कुठं आली म्हटलं की डोळ्यांनी खाली खूण करतात आणि म्हणतात, "तिथं." जिल्ह्यातल्या एकूण एक थांब्याची नावं मी कर्ण्यातून घेतली आहेत, ज्या थांब्यांवर एक कडुनिंब आणि एक शेळी याखेरीज काही नाही त्यांचीसुद्धा, पण या एका थांब्याचं नाव घेताना माझीही जीभ अडली होती. डाव्या स्तनात. घ्या, घेतलं.

ती गाठ हाताला लागली तेव्हा मी सासूबाईंच्या शेतात होते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर आमचा हळदीचा एक तुकडा आहे. पिपात हळद रटरटत होती, मी वाफेनं घामाघूम झालेली, पदरानं मान पुसता पुसता बोटं थबकली. सुपारी असावी तसं काहीतरी. मी कुणालाच काही बोलले नाही. दिवसभर हळद पसरली, मजूर बायकांच्या नकला केल्या, त्यांना हसवून लोळवलं, आणि दर थोड्या वेळानं 'सुपारी' आहे का ते चोरून पाहिलं. होतीच. माझी चुळबुळ त्या दिवशी सुरू झाली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. बारीक अंगाच्या, आवाज मात्र माझ्या कर्ण्याच्या वरचा. सलमानं आम्हाला बसवून सगळं नीट सांगितलं. गाठ काढायची, ती तपासायला नांदेडला पाठवायची, त्यावरून पुढचं औषध ठरणार. आणि तुमची मर्जी असेल तर एक छोटा तुकडा वेगळा काढून संशोधनासाठी जपून ठेवायचा.

"जपून म्हंजी?" आत्याबाईंनी विचारलं.

"मेणात, आजी. कपाटात. वर्षानुवर्षं ऱ्हातो."

"काहून? लोणचं हाय का ते?" आत्याबाई उसळल्या. "लेकराची नाळ पुरतात, वार पुरतात. आंगातून निघालेलं मातीत गेलं पाह्यजे. मला द्या, मी कालव्याच्या कडंला पुरते. हिचा जीव कपाटात घुटमळत ऱ्हाईल."

सलमा हसली नाही. म्हणाली, "आजी, आमच्यात बी असंच असतंय. आंगाचा भाग पुरतात. माझ्या अब्बांनीबी पहिल्यांदा हेच इचारलं." मग जरा पुढं सरकून म्हणाली, "पण बघा, मोठ्या शहरातल्या बायांच्या गाठी कपाटात हायेत. त्या पाहून लोक औषधं शोधतात. आपल्या सेनगावच्या, साखऱ्याच्या बायांच्या कुठं हायेत? गाठ येते, आपण काढतो, टाकून देतो. कोणाला कळावं तरी कसं, आपल्या बायांना काय होऊन राहिलं ते?"

म्हणजे त्या कपाटाच्या फलाटाला आमच्या जिल्ह्याची गाडीच लागत नव्हती. हे मला एकदम पटलं. मी म्हटलं, "माझा तुकडा घे. खिडकीची जागा दे."

आत्याबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. त्या बोलत नाहीत म्हणजे भांडी बोलतात.

आता मोठ्या शहरात म्हणे असे तुकडे काढल्या काढल्या भयंकर थंडीत गोठवतात, इतक्या थंडीत की आपली कल्पना पोचत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात कुलर सलग चालला तरी शेजारी अभिनंदन करून जातात. म्हणून सलमानं साधा रस्ता धरला होता. तुकडा लहान घ्यायचा, वेळ न दवडता फॉर्मालिनमध्ये टाकायचा, आणि फॉर्मालिन भरपूर घ्यायचं. फॉर्मालिन म्हणजे ते उग्र पाणी, डोळ्यांत पाणी आणणारं, ज्यात घातलेलं मांस नासत नाही. मोठ्या गाठीचं काम अवघड. ती अखंड बुडवली तर पाणी वरवरच मुरतं आणि आतून ती नासते. म्हणून तिला चिरा देतात. "भरल्या वांग्याला देतो ना, देठ न तोडता, तशा," सलमानं सांगितलं होतं. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरी भरलं वांगं झालं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. इथून पुढे आमचे गोविंदराव प्रवेश करतात.

गोविंदराव म्हणजे माझे यजमान. कुल्फीवाले. नर्सीच्या जत्रेत, मोंढ्याच्या तोंडाशी, लग्नसराईत, जिथं उन्हात माणसं आहेत तिथं यांचा गाडा. स्वभावानं अबोल, मी दोघांचंही बोलून टाकते. पण त्यांचा एका गोष्टीवर गाढ विश्वास आहे, बर्फावर. आणि बर्फाहून जास्त, बर्फात घातलेल्या मिठावर. नुसता बर्फ गार करतो, मीठ पडलं की तो गोठवतो, ही त्यांच्या धंद्याची विद्या. आमच्या घरातून उन्हाळ्यात जी वस्तू बाहेर पडते ती मीठ-बर्फातूनच पडते. वरातीचे हार, बासुंदीचं दूध, सिद्धेश्वरचे मासे. एकदा माझी नाटकातली मिशी उन्हानं सुटू नये म्हणून त्यांनी तीही बर्फात घालून आणली होती, आणि मी पूर्ण अंक वरचा ओठ बधिर असताना केला. (हो, लग्नानंतर गणपतीत मी नाटकं केली. पुरुषांची कामं.)

गाठ निघाली. दवाखान्यातला नमुने नेणारा माणूस नेमका त्या दिवशी आला नव्हता, तेव्हा आमच्याकडे नेहमी होतं तेच झालं. बरणी नातेवाइकाच्या हातात आली. सलमानं बजावून सांगितलं. सांडू देऊ नका, उन्हात ठेवू नका, आज दुपारीच पोचवा. गोविंदरावांनी मान डोलावली. बरणी दोन्ही हातांनी धरून ते घरी गेले. मोठी पेटी काढली. तळाला बर्फ, त्यावर मीठ, मध्ये बरणी, भोवती ठेचलेला बर्फ, वर पुन्हा मीठ, आणि गोणपाट. जगात कुठल्याही बायकोच्या गाठीसाठी कुणी इतकी मेहनत घेतली नसेल.

पुढचा प्रवेश मी पाहिलेला नाही. मी दवाखान्यात गुंगीत पडून गाडीचे थांबे मोजत होते. आता कळमनुरी आली असेल, आता वळण घेतलं असेल. पण गाडीवरच्या कंडक्टरनं, मुंजाजीनं, तो प्रवेश मला नंतर इतक्यांदा करून दाखवला आहे की मी स्वतः तिकीट काढून बसले होते असंच वाटतं.

वारंगा फाट्याला गाडी थांबली. बहुतेक सगळे खिचडी खायला उतरले. गोविंदराव मांडीवर पेटी घेऊन तसेच बसून राहिले. मागच्या बाकावर एक फेटेवाले आजोबा होते, त्यांनी पेटी ओळखली.

"कुल्फीवाले, एक काढा की. घसा वाळून राहिला."

"न्हाई काका."

"काहून न्हाई? फुकट मागून राहिलो का मी?"

"ह्यात कुल्फी न्हाई."

"मंग इतका बर्फ काहून घेऊन चालले?"

खोटं बोलणं गोविंदरावांना जमत नाही आणि खरं बोलायला शब्द सापडत नाहीत. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "घरचं माणूस हाय ह्याच्यात."

मुंजाजी सांगतो, आजोबा चप्पल मागंच सोडून पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसले ते नांदेड येईतो वळले नाहीत.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी गोणपाट काढलं, बर्फ उकरला, बरणी वर धरली. आतलं पाणी खिरीसारखं घट्ट झालेलं.

"हे कुणी केलं?"

"मीच, सायेब. कणभर ऊन लागू दिलं न्हाई."

"अहो, ही काय कुल्फी आहे?"

"न्हाई सायेब," गोविंदराव म्हणाले. "सकाळधरनं सगळ्यांला तेच सांगून राहिलो."

हा प्रसंग मी आजवर लग्नांत, बारशांत, एका तेराव्याच्या जेवणातसुद्धा सांगितला आहे, आणि लोक पोट धरून हसले आहेत. गोविंदराव समोर असले की तेही हसतात. ओठांनी.

कारण पुढचं मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सलमा माझ्या खाटेपाशी आली आणि हळू आवाजात समजावू लागली. टमाटा गोठवून बाहेर काढला की कसा लिबलिबीत होतो, तसंच मांसाचं होतं. फॉर्मालिन आत पुरतं मुरायच्या आधीच गाठ गोठली. आतल्या पाण्याच्या सुया झाल्या, त्यांनी पेशींच्या बारीक बारीक खोल्यांच्या भिंती फाडल्या. सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली आता नुसती जाळी दिसेल. नासू नये म्हणून घातलेल्या बर्फानंच ती फाटली. तिच्या खांद्यावरून मला दाराची फट दिसत होती, आणि फटीत गोविंदरावांच्या सदऱ्याची बाही. ती हलत नव्हती.

त्या उन्हाळ्यात ऐन जत्रेच्या दिवसांत त्यांनी बरेच दिवस कुल्फी लावली नाही. विचारलं की म्हणत, दूध बराबर येईना.

अहवाल आला तो अर्धाच. कॅन्सर आहे, एवढं नक्की. पण गोळ्यांना दाद देणारा की न देणारा, सलाइनमधून लांबलचक औषधं घ्यायची की गोळीवर भागेल, हे ज्या तपासणीवरून कळतं ती धड होईना. जाळीत तपासणीचा रंग नीट धरेना. आमच्या मुलुखात एखाद्याची जात कळायला इतका वेळ लागल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

ते दिवस मी कसे काढले ते आठवलं की आजही पाय हलतात. घर बसस्थानकाच्या मागेच. माझ्या जागी बसलेला माणूस कर्ण्यातून इतका मरगळून बोलायचा की गाड्या सुटतायत की कुणी वारलंय, कळू नये. मी खिडकीतून ओरडून त्याच्या चुका दुरुस्त करायचे. हात अवघडू नये म्हणून सलमानं व्यायाम दिला होता, भिंतीवर बोटं टेकवायची आणि मुंगीसारखी वर चढवायची. माझी मुंगी दिनदर्शिकेपर्यंत जायची आणि दुखून परत फिरायची. बाहेर वाळत घातलेल्या हळकुंडांचा खडखडाट, आत आत्याबाईंच्या भांड्यांचा. गोळी की सलाइन? रोज सकाळी वाटायचं, आज फोन येईल. फोन यायचा तो कुणीतरी कुल्फीची ऑर्डर देणारा.

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर साखऱ्याची एक बाई होती, अनसूया. तिची गाठ आधी दुसरीकडे कुठं काढली होती, आणि काढून टाकून दिली होती. आता परत आलेली. पहिली कसली होती, हे सांगायला चिमूटभरही मागे उरलं नव्हतं. ती भाजलेल्या शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवायची आणि विचारायची, "तुमची ठिवली का हो बाई?" आपल्याला उभं राहून जायचंय आणि शेजारणीला जागा मिळालीय का, असं कुणी विचारावं तसं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, "ठेवली ना. मेणात." ती म्हणायची, "बरं झालं." मनापासून म्हणायची. पुढच्या हळदीला मी साखऱ्याच्या गाडीतून उतरणाऱ्या बायकांत तिला शोधलं. अजूनही नजर जाते. विचारायला मात्र मी गेले नाही.

तो मेणातला तुकडा. त्याचा विचार सलमानंच केला. ती घरी आली, चहा अर्धा पिऊन म्हणाली, "काकू, संशोधनाला वेगळा काढला होता तो लहान तुकडा मी स्वतः भरून ठेवला होता. तो त्या पेटीत गेलाच नव्हता. नंतर सावकाश नांदेडला गेला. एकदम झकास हाय. तुमची तपासणी त्याच्यावर करता येईल. पण तुमी तो दिलेला हाय. तुमच्यासाठी वापरला तर संशोधनाला थोडाच उरंल."

माझा नाटकीपणा नको तेव्हा जागा होतो. मी म्हटलं, "दिलेलं दान परत घ्यायचं?"

आतून भांडं आदळलं. आत्याबाई बाहेर आल्या, कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलल्या. "दानवाली आली मोठी! घे म्हणते ना पोरगी, तर घे. आधी आपलं लेकरू उठून बसू दे, मंग दुनियेला वाटत बस." मग सलमाकडे वळून म्हणाल्या, "अन तू गं, च्या पुरा पी. अर्धा टाकून उठायची तुमच्या घरची खोड हाय, तुझा आजा बी असाच."

मी घेतला. तपासणी झाली. गोळीला दाद देणारा निघाला. नांदेडला जाऊन किरणांचे शेक घेतले, गोळी अजून रोज घेते, आणि गाड्या सोडते. दुनियेसाठी दिलेला तुकडा आधी माझ्याच कामी आला. त्यातून उरलेलं दुनियेकडे गेलं. काय कळलं त्यातून? मी सलमाला दर खेपेला विचारते. ती सरळ सांगते, "अजून काय म्हणण्यासारखं न्हाई, काकू. असं लगेच कळत न्हाई." दुसरं कुणी असतं तर माझ्या तोंडावर दोन गोड शब्द फेकले असते.

आणि आता हा शेवटचा काप.

फोन आल्यापासून मी घरभर फिरते आहे. ठेवावा असं सकाळी वाटतं. माणूस घरात चार पैसे, एक छत्री, एखादी जास्तीची गादी ठेवतोच की. तपासणीला जायचे दिवस जवळ आले की माझी बोटं आपोआप 'तिथं' जातात, सुपारी शोधतात. आज नाही. उद्या? उद्या असली तर त्या कपाटात माझ्या बाजूनं साक्ष द्यायला कुणीतरी असेल. दुपारी फलाटावर उतरणाऱ्या बायका दिसतात, औंढ्याच्या, सेनगावच्या, कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडं, हळदीनं नखं पिवळी, आणि वाटतं, द्यावा. संध्याकाळी परत ठेवावासा वाटतो. मी इतकी फिरते आहे की आत्याबाई काल म्हणाल्या, "एका जागी बस, नाही तर तुलाच पिपात घालून शिजवते."

त्यांना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, 'ठेव'. त्यांनी सुपात निवडत असलेली हळकुंडं बाजूला सारली. "शेवटचा काप गेला म्हंजी कपाटात काही ऱ्हात न्हाई ना?"

"नाही."

"मंग दे. संपलं म्हंजी सुटलं. मी काय म्हणत होते पहिल्यापासून? अडकून ऱ्हाऊ नये."

माती म्हणा, संशोधन म्हणा, आत्याबाई हरत नाहीत.

राहिले गोविंदराव. त्यांना सांगायचं मी टाळत होते. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ते साचे भरत होते. दुधाचा वास, वेलदोडा, ओलं गोणपाट. सांगितलं. त्यांनी साच्यांवर झाकणं बसवली, एकेक दाबून पाहिलं.

"सगळा देणार?"

"उरलाय केवढासा."

"राह्यलं तेवढंच तर हाय," ते म्हणाले. मग बराच वेळ बर्फ ठेचत राहिले. "मोठी गाठ ऱ्हाती तर हा सवाल आला नसता."

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. मी तो वारंगा फाट्याचा प्रवेश किती मांडवांत केला, किती टाळ्या घेतल्या, आणि हा माणूस दर वेळी समोर बसून ओठांनी हसत होता. मला विनोद सुचतात. त्या क्षणी एकही सुचला नाही, ही माझ्या आयुष्यातली दुर्मीळ घटना समजा.

"सलमा म्हणाली, परत काही झालंच तर नवा तुकडा काढता येतो," मी म्हटलं. "जुना असला तर ताडायला बरं. नसला तरी अडून बसत नाही."

"अन तो नवा तुकडा नांदेडला कोण नेईल?"

बर्फ ठेचायचा थांबला होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, हातातल्या मोगरीकडे बघत होते.

"तुम्हीच न्याल. दुसरं कोण आहे मला?"

त्यांनी मिठाचं पोतं पायानं जरा मागं सरकवलं.

"बर्फ न्हाई घालणार," म्हणाले.

"नका घालू."

"उनाचा रुमाल धरीन वरून. नुसती मांडीवर घेऊन बसतो."

मी तिथंच, ओल्या गोणपाटावर बसून सलमाला फोन लावला आणि म्हटलं, घे.